वारं गेलं म्हणालो, म्हणून दावा सोडू?

सुई टोचून घेऊ नका असं सांगायला मी हे लिहीत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या आळीत दोघं-तिघं माझं नाव घेऊन तसं सांगत फिरतात. "तात्याचं काय झालं बघितलं न्हवं?" म्हणतात आणि लेकरांच्या सुया चुकवतात. त्यांनी माझं नाव घेऊ नये. माझ्या नातीला सगळ्या सुया वेळच्या वेळी दिल्यात, पुढच्याही देणार.

मी लिहितोय ते दुसऱ्या माणसांसाठी. ज्यांचे हातपाय असेच बघता बघता गेले, आणि ज्यांना वरून सांगितलं गेलं की आजोबा, वय झालं, आता गप बसा. त्यांनी गप बसू नये एवढंच माझं म्हणणं.

मी पालीचा, राजगडाच्या पायथ्याचा. शाळा चौथीपर्यंत. वय सत्तरीच्या पुढं. नक्की किती ते आधारकार्डावर आहे आणि तेही चुकीचं आहे. बोटं अजून बधिर आहेत, म्हणून मी बोललो आणि आमच्या सुनेनं, मनीषानं, मोबाईलवर उतरवून घेतलं. शब्द माझे आहेत. तिनं काही ठिकाणी सुधारून घातले होते, ते मी काढायला लावले. का, ते पुढं येईल.

चप्पल

माझं सगळं पायांवर चाललेलं. चार खाचरं भाताची, वरच्या अंगाला थोडी नाचणी, आणि शनिवार-रविवार गडावर ताक विकायचं. ताकाचा कॅन डोक्यावर घेऊन मी उजाडायलाच निघायचो. पुण्याची पोरं भारी बूट घालून निम्म्या वाटेत धापा टाकत बसलेली असायची. विचारायची, "आजोबा, वय काय तुमचं?" मी म्हणायचो, "वर या, ताक प्या, मग सांगतो." नुसतं माझं वय ऐकायला कितीतरी जण वर आले आणि ताक पिऊन गेले.

दसऱ्याच्या सुमाराला मारुतीच्या देवळात शिबिर भरलं. पुण्याचं एक खाजगी रुग्णालय होतं. नाव लिहीत नाही, वकीलबाईंनी मना केलंय. साठीच्या वरच्यांना फ्लूची लस, निम्म्या दरात. आदल्या हिवाळ्यात खोकल्यानं माझा पार पिंजून कापूस झाला होता, म्हणून म्हटलं, घेऊ. बाकीचे म्हातारे एकमेकांना पुढं ढकलत होते. मी बाही सारली आणि पहिला जाऊन बसलो. टोचणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, दंड दुखेल, थोडी कणकण येईल, बास." दंड दुखला, कणकण आली, बास. त्याच्या पलीकडं काही झालं तर काय समजायचं, कुणाला विचारायचं, हे तिनं सांगितलं नाही आणि कागदावरही दिलं नाही.

हेही लिहितो की त्या दिवशी टोचलेल्या दुसऱ्या कुणालाही काही झालं नाही. त्यांची थंडी बरी गेली.

दोनेक आठवडे गेले असतील. पायांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, भात कापायला वाकून बसलोय, त्याच्या असतील. त्या रविवारी गडावरून उतरत होतो. मागून एक बाई ओरडल्या, "आजोबा, तुमची चप्पल मागं राहिली." मी खाली बघितलं. डावा पाय उघडा. खाली खडे, काटे, आणि मला पत्ता नाही. पाय माझा, आणि बातमी दुसऱ्यानं दिली. चप्पल घातली, हसलो, बाईंना ताक पाजलं.

वारं

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीखाली बसलो, धार काढली, आणि उठता येईना. मांड्यांत जोरच नाही. दावणीचा खुंटा धरला तर मूठ आवळेना. आमच्या मंडळीला हाक मारली. सखूनं येऊन बघितलं, चरवी आधी बाजूला घेतली आणि मग पोराला हाक घातली, "संतोष, आरं धाव, तुझ्या बापावर वारं गेलं."

आमच्यात असंच म्हणतात. माणूस लुळा पडला की अंगावरून वारं गेलं. शेजारीपाजारी जमले. माझा मेव्हणा आला, तो म्हणाला, "पारव्याचं रक्त चोळा, गरम गरम. उतारा पडंल."

मी म्हणालो, "पारव्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

"दाजी, जीभ शाबूत हाय म्हंजी तुमी जगताय," तो म्हणाला. आणि त्यानंच मला पाठुंगळी घेऊन टेम्पोत घातलं, हे विसरत नाही.

संतोषचा स्वतःचा टेम्पो होता तेव्हा. भाजी, वीट, मांडवाचं सामान, मिळेल ते भाडं मारायचा. त्या टेम्पोत मागं गवताच्या पेंढ्यांवर मला निजवलं. वाटेतल्या पहिल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरण्या डॉक्टरनं विचारलं, "काय झालं बाबा?"

मी म्हणालो, "वारं गेलं अंगावरनं."

त्यानं इंग्रजीत काहीतरी लिहिलं, सलाईन लावली आणि म्हणाला, पुण्याला न्या, हे इथलं काम नाही. त्याचा राग नाही मला. त्यानं वेळ घालवला नाही, म्हणून मी आहे. पण त्यानं त्या कागदावर काय लिहिलं ते मला पुढं लई महिन्यांनी कळलं.

राखणीचं कुत्रं

पुण्यात पोचेपर्यंत मुंग्या कमरेपर्यंत चढल्या होत्या. मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई आल्या. बारीक अंगाच्या, आवाज मात्र पाटलाचा. त्यांनी गुडघ्यावर रबराची हातोडी मारली. पाय उडायला पाहिजे म्हणे. नाही उडाला. दुसऱ्यावर मारली. तोही नाही. त्यांनी हातोडी खिशात ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की गडी घाबरतो.

"आजोबा, गेल्या महिन्यात ताप? जुलाब? सर्दी-खोकला?"

"न्हाई."

"कुठली लस, इंजेक्शन?"

"दसऱ्याला सुई घेतली. फ्लूची."

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. मग पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, करंट देऊन नसा तपासल्या. संध्याकाळी येऊन आजाराचं नाव सांगितलं. फिरंगी लांबलचक नाव, माझ्या जिभेवर ते कधीच बसलं नाही. तिथल्या सिस्टर त्याला जीबीएस म्हणायच्या, मीही तेच म्हणतो.

"शरीराची राखण करणारी जी ताकद असते ना, ती चुकून आपल्याच नसांवर उठते," बाई म्हणाल्या. "बहुतेक वेळा एखाद्या आजारानंतर होतं. लशीनंतरही होऊ शकतं, पण फार क्वचित."

"म्हंजी राखणीचं कुत्रं मालकालाच चावलं."

"तसंच."

"पिसाळलंय का?"

बाई हसल्या. "नाही. शांत होईल. पण तोवर किती चावेल ते आज नाही सांगता येत."

संतोष दारात उभा होता. तो म्हणाला, "तात्या, कुणी सांगितलं हुतं टोचून घ्यायला? तुमाला सगळ्यात पुढं व्हायचं असतं." मी तोंड भिंतीकडं केलं. मान तेवढी वळत होती अजून.

लाभ

अतिदक्षता विभागात पहिली भीती श्वासाची. आजार पायांतून वर चढतो, छातीशी पोचला की श्वास ओढायचं बळ जातं, आणि मग घशात नळी घालून मशीन लावतात. शेजारच्या खाटेवर तसा एक माणूस होता. मशीन त्याच्यासाठी सुस्कारे टाकायची. मी त्या बाजूला बघायचं सोडून दिलं.

छातीत किती बळ उरलंय ते बघायला एक सोपी युक्ती करतात. एका दमात मोजायला लावतात. जेवढं मोजाल तेवढा दम. पहिल्या दिवशी एक शिकाऊ डॉक्टर आला, म्हणाला, "आजोबा, लांब श्वास घ्या आणि मोजा."

मी सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन..."

त्यानं थांबवलं. "एकपासून मोजा, आजोबा."

मी परत श्वास घेतला. "लाभ, दोन, तीन..."

तो सिस्टरला म्हणाला, "गोंधळलेत. लिहून ठेवा."

माझं डोकं फिरलं. हातपाय गेले ते गेले, आता डोकंही गेलं म्हणून लिहिणार. मी म्हणालो, "डाक्टर, खळ्यावर धान मापताना पयल्या मापाला एक म्हणत न्हाईत. लाभ म्हणत्यात. मी माझा दम मापतोय. त्यो काय भुसा हाय का, एकापासनं मोजायला?"

सिस्टर परभणीकडच्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, आमच्याकडं पण लाभच म्हणतात." त्यानं लिहिलेलं खोडलं. पुढं तोच डॉक्टर रोज यायचा आणि दारातूनच म्हणायचा, "चला आजोबा, लाभ."

माप कमी कमी होत गेलं. एक दिवस चार-पाचाशीच दम संपला. डॉक्टरबाई मशीनच्या नळीकडं बघत होत्या ते मी बघितलं. मी मनात म्हटलं, माझ्या घशात काही जायचं असलं तर ते भाकरीच्या रूपात जाईल. त्या दिवशी सगळ्यांनी मला मोजायला लावलं, आणि मी मोजत राहिलो. हे माझ्या जिद्दीनं झालं असं मी म्हणत नाही. सलाईनमधून महागाचं औषध चाललं होतं, त्यानं झालं. पण नळी घालायची वेळ आली नाही, ती नाहीच आली.

तिथलं आणखी एक सांगतो. नाकाला खाज सुटली आणि हात उचलत नसला तर काय हाल होतात ते ज्याचं त्याला कळतं. परभणीच्या त्या सिस्टर जाता-येता न विचारता माझं नाक खाजवून जायच्या. देवळात घंटा वाजवावी तशा. हे उपकार मी कुठं फेडू?

टेम्पो

ते महागाचं औषध कुठून आलं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी आणलं त्या दिवशी दारात टेम्पोची जागा रिकामी दिसली. मी विचारलं, "टेम्पो कुठं गेलाय भाड्याला?"

सखू म्हणाली, "तुमच्या नसांत गेला."

संतोष आता दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहे. माझ्या औषधापायी पोरगा मालकाचा गडी झाला, हे मला पायांपेक्षा जास्त लागलं.

घरी परतणं म्हणजे बरं होणं असं कुणी समजू नये. दवाखान्यात सगळेच आडवे असतात, तिथं लाज नसते. घरी लाज असते. सखू मला आंघोळ घालायची. बेचाळीस वर्षं संसार केला, पण ती मला साबण लावते आणि मी भिंतीकडं बघतो, हे कधी झालं नव्हतं. एकदा मी चिडून तांब्या ढकलला. ती म्हणाली, "ढकला. तांब्या ढकलायचं बळ आलं म्हंजी पुढच्या म्हैन्यात बादली ढकलाल." आणि दुसरा तांब्या ओतला.

मनीषानं मोबाईलवर व्यायाम बघून ठेवले होते. उंबऱ्याला धरून उभं राहायचं, टाचा उचलायच्या. संतोष कामावरून यायचा, बघायचा, जेवायला बसायचा. एकदा जेवता जेवता म्हणाला, "त्या शिबिरवाल्यांना म्या फोन केला हुता. म्हणाले लकव्याचा आन लशीचा काय संबंध न्हाई. वय झालं की हुतं."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? ठेवला फोन."

मी म्हणालो, "मला दे फोन."

"तात्या, सोडा आता. जिवानिशी वाचलाय ते बघा."

मी सोडलं नाही. शेळी वाचली म्हणून वाघाला कुणी नारळ देत नाही.

वकीलबाई

भोरमध्ये एक वकीलबाई आहेत. त्यांचे वडील कचेरीत होते, घर शहरातच. कॉलेजात असताना त्या गडावर यायच्या आणि माझं ताक प्यायच्या, त्या ओळखीवर मी गेलो. एका बगलेत काठी, दुसऱ्या बाजूला मनीषा.

त्यांनी सगळे कागद वाचले. म्हणाल्या, "तात्या, लस वाईट होती असं आपण म्हणायचं नाही. पैसे घेऊन टोचली, धोका सांगितला नाही, नंतर विचारपूस केली नाही, आणि कळवल्यावर उडवून लावलं, एवढंच म्हणायचं. ग्राहक आयोगात दावा टाकू. पण त्याआधी जिल्ह्याची एक समिती असते, लशीनंतर कुणाला त्रास झाला तर तपासणारी. तिच्यापुढं जाऊ. तिनं मान्य केलं तर दाव्याला पाय येतील."

"पाय तेवढे मिळू देत," मी म्हणालो.

"पण एक अडचण आहे." त्यांनी पहिल्या दवाखान्याचा कागद माझ्यापुढं सरकवला. "इथं पक्षाघात लिहिलंय. मेंदूचा झटका. रुग्णाने स्वतः सांगितल्याप्रमाणे, असं. समोरचे याच कागदावर उभे राहतील."

"म्या कुठं पक्षाघात म्हणालो? म्या म्हणालो वारं गेलं."

"त्या डॉक्टरला तेच ऐकू आलं. शिकलेल्यांच्या कानाला वारं गेलं म्हणजे पक्षाघातच."

माझ्या तोंडचा शब्द, माझ्या आई-बापाचा शब्द, आणि तोच उलटून माझ्याविरुद्ध साक्षीला उभा.

वकीलबाईंनी तोडगा सांगितला. समितीपुढं म्हणायचं, मी घाबरलो होतो, गोंधळात चुकून बोललो. "एवढं म्हणा, तात्या. प्रश्न मिटतो."

"चुकून न्हाई बोललो."

"मला माहितीय. पण म्हणायला काय जातं?"

मनीषाही म्हणाली, "म्हणा की मामंजी. कुठं देवाची शपथ हाय."

मी उठलो. उठायला वेळ लागतो मला, त्यामुळं रागाला शोभा राहत नाही. पण उठलो.

समिती

पुण्यात एका खोलीत तिघं बसले होते. मधले टकलाचे मोठे डॉक्टर, एका बाजूला एक बाई, दुसऱ्या बाजूला मिशीवाले एक गृहस्थ. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. वागायला माणसं सभ्य होती.

मधल्यांनी कागद वर धरला. "आजोबा, वारं गेलं असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

वकीलबाई माझ्याकडं बघत होत्या. मनीषा दाराशी होती.

"व्हय. म्याच."

"मग?"

"मग काय? वारंच गेलं. आमच्यात माणूस लुळा पडला की वारं म्हणत्यात. एक अंग गेलं तरी वारं, दोनी गेली तरी वारं. बैल बसला आन उठंना, तर बैलाला वारं गेलं म्हणतो. तवा काय त्याच्या मेंदूत डोकावून बघतो आमी? म्या काय झालंय ते सांगितलं. कशानं झालंय ते सांगायला म्या डाक्टर न्हाई. ते तुमी बघायचं."

मिशीवाले गृहस्थ खाली बघून हसले. म्हणाले, "सर, माझी आजी वाईची. ती पण हेच म्हणायची. पोलिओ झालेल्या मुलाला सुद्धा."

मधल्यांनी कागद खाली ठेवला. मग खरं विचारायला लागले. पहिलं काय गेलं, पाय की हात? दोन्ही पाय बरोबर की एक आधी? तोंड वाकडं झालं होतं? बोलता येत होतं? मी सांगितलं, पाय आधी, दोन्ही, मग हात, मग कंबर. तोंड वाकडं झालं नाही, आणि बोलता येत होतं की नाही ते माझ्या मेव्हण्याला विचारा. त्यांनी डॉक्टरबाईंचे कागद बघितले, पाठीच्या पाण्याचा रिपोर्ट बघितला. आधी ताप-जुलाब होता का ते तीन वेळा फिरवून फिरवून विचारलं. नव्हता, म्हणून तीन वेळा सांगितलं.

शेवटी त्या बाईंनी विचारलं, "आजोबा, तुमच्यासारख्या माणसाची गोष्ट ऐकून लोक लस घ्यायची सोडतील, याचं काय?"

मी म्हणालो, "गोष्ट लपवली तर सोडतील. माझं बघा, मला नीट करा, आन गावाला सांगा की ह्याचं आसं आसं झालं, ह्याला आमी वाऱ्यावर सोडला न्हाई. मग बघा कशी रांग लावत्यात ती."

त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली.

बऱ्याच महिन्यांनी कागद आला. मनीषानं वाचून दाखवला. पक्षाघात नव्हता. आजार लशीमुळे झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

"नाकारता येत न्हाई म्हंजी काय?" मी विचारलं. "झालं म्हणायला काय दात दुखत्यात?"

वकीलबाई फोनवर हसल्या. "तात्या, सरकारी कागदात याहून गोड शब्द मिळत नाही. यावर भांडता येतं."

मग भांडू, म्हटलं. दावा दाखल झाला.

पाहुणा

गेल्या उन्हाळ्यात एक माणूस घरी आला. पांढरा शर्ट, हातात कातडी पिशवी. शिबिर घेणाऱ्या रुग्णालयाचा अधिकारी. गाडी ओढ्यापलीकडं लावून चालत आला होता, कारण आमच्या आळीत मोठी गाडी वळत नाही. उन्हानं लालेलाल झाला होता. सखूनं त्याला घोंगडी अंथरून बसवलं, गूळ-पाणी दिलं.

तो चांगलं बोलला. म्हणाला, "आजोबा, आमच्या मोठ्या डॉक्टरांना तुमच्याबद्दल फार वाईट वाटलं. माणुसकीच्या भावनेतून आम्ही तुम्हाला मदत करायची ठरवलीय." त्यानं रक्कम सांगितली. मी ती लिहीत नाही. टेम्पो आला असता एवढी होती.

संतोष भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या तोंडाकडं मी बघितलं नाही.

"कागद वाचा," मी मनीषाला म्हणालो.

तिनं वाचला. वर लिहिलं होतं, वैद्यकीय मदत. खाली लिहिलं होतं, सदर आजाराशी रुग्णालयाचा काहीही संबंध नाही हे मला मान्य असून मी माझा दावा मागे घेत आहे. त्याच्याखाली माझ्या सहीची जागा.

"हितला एक शब्द बदला," मी म्हणालो. "मदत खोडा, भरपाई लिहा. आन संबंध न्हाई, ती ओळ काढा. आत्ता सही करतो."

"आजोबा, शब्दात काय आहे? पैसे तेच."

"तेच न्हाईत. आमच्या खोऱ्यात धरणं झालीत, साहेब. ज्याची जमीन बुडाली त्याला भरपाई देत्यात. मदत पूर आल्यावर देत्यात, आभाळानं केलं म्हणून. माझं आभाळानं केलेलं न्हाई."

"मला तो शब्द लिहायचा अधिकार नाही."

"मग ज्याला हाय त्याला पाठवा."

तो संतोषकडं वळला. "तुम्ही तरी समजवा. केस वर्षानुवर्षं चालेल. यांचं वय..." पुढचं तो बोलला नाही, पण सगळ्यांना कळलं.

मला खरं सांगायचं तर तेव्हा भीती वाटली, अतिदक्षतेत वाटली तशी. पोरगा म्हणेल सही करा, आणि त्याचं म्हणणं चूक असणार नाही. टेम्पो त्याचा गेलाय. त्यानं म्हटलं असतं तर मी केली असती सही, हे हितं पहिल्यांदा सांगतोय. त्याला अजून माहीत नाही. मनीषा आत्ता लिहिता लिहिता थांबलीय. लिही, म्हटलं.

संतोष भिंतीपासून बाजूला झाला. म्हणाला, "साहेब, चुकून बोललो म्हणा म्हणून सगळ्यांनी सांगून बघितलं, त्यांनी म्हटलं न्हाई. म्या काय समजवणार? आन माझ्या टेम्पोच्या पैशाला मदत म्हणू नगा. त्यो काय भीक मागून घेतला नव्हता."

एवढंच. आणि तो चहा झाला का बघायला आत गेला.

पाहुण्यानं चहा घेतला, पिशवी उचलली. मी काठी घेतली. तो म्हणाला, "अहो, तुम्ही कशाला उठता? मी जातो."

पण घरी आलेल्या माणसाला ओढ्यापर्यंत घालवायला जायचं, ही आमच्याकडची रीत आहे. दावा त्याच्यावर होता, पण तो माझ्या उंबऱ्याच्या आत चहा प्यायला होता. मी चाललो. माझं चालणं आता बघण्यासारखं राहिलेलं नाही. पाऊल कुठं पडतंय ते डोळ्यांनी बघावं लागतं, पायाला कळत नाही. त्याला दर चार पावलांवर थांबावं लागत होतं. उन्हात उभा राहून तो मोबाईल बघायचा, मग माझ्या पायांकडं, मग परत मोबाईल. मध्ये एकदा त्यानं माझा दंड धरायला हात पुढं केला. मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या. मदत नगं."

ओढ्याशी पोचलो. फरशी पुलापलीकडं त्याची गाडी उभी होती, ड्रायव्हरनं दार उघडलं. तो घामानं भिजला होता, मीही भिजलो होतो. त्यानं हात जोडले, मी जोडले, काठी बगलेत धरून.

"उन्हाचं जपून जावा," मी म्हणालो. "तारखेला भेटूच."